मांसावर चढवायची बुरशी बिनविषारी आहे हे कसं तपासायचं? (सुक्या सलामीसाठी)

खामकाठ, छत्रपती संभाजीनगर

उस्मानाबादी बोकडाच्या मटणाची सुकी सलामी करायची आहे, बाहेरून पांढरी बुरशी चढवलेली. आखणी अशी: खिम्यात २.७ टक्के मीठ, ०.५ टक्के डेक्स्ट्रोज, नायट्राइट नियमात बसेल तेवढं, लॅक्टिक जिवाणूंचं विरजण, ४० मिमी व्यासाचं नैसर्गिक आतडं. पहिले तीन दिवस २२ अंश आणि ९० टक्के आर्द्रता, मग १४ अंश आणि ७८ ते ८० टक्के आर्द्रतेत पाच आठवडे. सुकल्यावर एक नग साधारण ३०० ग्रॅमचा.

बुरशीचे तीन पर्याय समोर आहेत. पहिला, युरोपात सलामीला वापरतात ती पेनिसिलियम नाल्जिओव्हेन्स. गोठवून सुकवलेल्या पुडीत मिळते. दुसरा, कोजीची (जपानी आंबवणाची) बुरशी अ‍ॅस्परजिलस ओरायझी. तिसरा, सुकवणीच्या खोलीत आपोआप आलेली पांढरीशुभ्र, मखमली बुरशी, वास अळंबीसारखा. 'आपल्याच हवेतली आहे, हीच वाढवा' असा काहींचा आग्रह आहे.

कोणत्या चाचण्या, कोणत्या क्रमाने, नमुना किती? आणि प्रयोगशाळेने 'आढळले नाही' लिहून दिलं की काम झालं असं धरायचं का?

गोदातीर, नांदेड

तिसरा पर्याय आजच बाद करा. पांढरी म्हणजे सौम्य, असं बुरशीत नसतं. विष करणाऱ्या पेनिसिलियमची वसाहतसुद्धा कोवळी असताना पांढरीच असते, रंग येतो तो बीजाणू पिकल्यावर. आणि आपल्या भागातली हवा बघा. भुईमूग, मका, सरकी, काढणीच्या पावसात काळी पडलेली खरीप ज्वारी, सगळ्यांवर बुरशी. भुईमूग आणि मक्यावरची अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन हे विष करते आणि तिचे बीजाणू मोंढ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळीकडे उडत असतात. खोलीत आपोआप आलेली बुरशी म्हणजे या गर्दीतली कुणीही असू शकते.

नाल्जिओव्हेन्स ही अशी हवेतून उचलून थेट वापरात आलेली नाही. मांसासाठीचा पहिला तपासलेला वाण जर्मनीत कुल्मबाखला मिन्ट्झलाफ आणि लाइस्टनर यांनी १९७२ मध्ये मांडला, तोही पुष्कळ वाण विषासाठी चाळून. तेव्हापासूनचा धडा हाच की सुरक्षित जात नसते, सुरक्षित वाण असतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने जिवाणूंच्या कित्येक जाती सरसकट सुरक्षित मानल्या आहेत, तंतुमय बुरशीची मात्र एकही जात त्या यादीत घेतलेली नाही.

चाचणीचा क्रम: ओळख, मग ताटलीवरची विषचाचणी, मग जनुकं, मग प्रत्यक्ष मांसावर. उलटा क्रम केला की पैसे वाया जातात, कारण ओळख चुकली तर कोणतं विष शोधायचं हेच चुकतं.

ओळखीचं सांगतो. पुडीतली बुरशी आधी एका बीजाणूपासून शुद्ध करून घ्या. ०.०५ टक्के ट्वीन-८० (साबणासारखं द्रव) घातलेल्या पाण्यात बीजाणू सोडा, पातळ करत जा, ताटलीवर पसरा, १८ ते २४ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली अंकुर फुटलेला एकच बीजाणू आगरच्या तुकड्यासकट उचला. मग चार माध्यमांवर तीन-तीन ठिपके: माल्ट अर्क, झापेक-यीस्ट (सीवायए), यीस्ट अर्क-साखर (वायईएस) आणि क्रिएटिन (क्रिया). २५ अंश, अंधार, ७ दिवस. झापेक-यीस्टची आणखी एक ताटली ३७ अंशांना ठेवा.

वायईएस घरी बनवत असाल तर लिटरला यीस्ट अर्क २० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.५ ग्रॅम, आगर २० ग्रॅम. त्यात झिंक सल्फेट ०.०१ ग्रॅम आणि कॉपर सल्फेट ०.००५ ग्रॅम घालायलाच हवं. हे दोन क्षार घालायचे राहिले की हिरव्या बुरशीचा रंग फिका पडतो आणि विषाचं प्रमाणही बदलतं. 'पांढरी आहे' असं वाटणाऱ्या पुष्कळ बुरश्या अशा उपाशी माध्यमावरच्या असतात.

वायईएसची ताटली उलटी करून मागची बाजू बघायची सवय लावा. पेनिसिलियम व्हेरुकोसमची पाठ विटकरी तांबूस येते, तिच्या सख्ख्या नॉर्डिकमची दुधी-पिवळसर. दोघी ऑक्रॅटॉक्सिन ए हे विष करतात. व्हेरुकोसम धान्यावरची, नॉर्डिकम मांस आणि चीजवरची. तुमची खरी वैरीण नॉर्डिकम, कारण तिला मीठ आणि प्रथिनं मानवतात आणि १४ अंशांच्या गारव्यातही ती मजेत वाढते.

रंगरूपावर थांबू नका, डीएनए वाचून घ्या. पेनिसिलियमला नुसता आयटीएसचा (बुरशी ओळखायला नेहमी वाचतात तो डीएनएचा) तुकडा पुरत नाही, जवळच्या जाती एकसारख्या दिसतात. बीटा-ट्यूब्युलिनचा तुकडा वाचा आणि जातीच्या मूळ नमुन्याशी जुळवा; जालावरच्या डीएनए-पेढीत पहिलं येईल ते नाव धरू नका. इटलीतल्या सलामीवरची पेनिसिलियम सलामी ही जात तर २०१५ मध्ये वेगळी ओळखली गेली. पुण्याला आघारकर संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, ओळखीसाठी तिथे विचारा.

मांजराकाठ, लातूर

वाचायलोय. एक विचारू का? आमच्याकडं चान्या करतात, पावसाळ्यात डब्यात त्याला कधी पांढरी, कधी हिरवट बुरशी येते. पुसून, भाजून खाल्लं तर चालतंय का? सलामीवर चालती तर यावर का नाही?

उदगीरकर

नाही चालत दादा. चान्यांची रीत सलामीच्या बरोबर उलट आहे. पातळ पट्ट्या, मीठ-हळद आणि उन्हाळ्याचं कडक ऊन, त्यामुळे दोन-तीन दिवसांत पाणी इतकं उडतं की बुरशीला जागाच उरत नाही. पाण्याची उपलब्धता (शुद्ध पाण्याची १ धरून) ०.६५ च्या खाली गेली की बुरशी जवळपास वाढतच नाही. म्हणून चान्या वर्षभर टिकतात. ही फार विचारपूर्वक बसवलेली रीत आहे.

पावसाळ्यात डब्यात दमट हवा शिरली की हा आकडा ०.८० वर जातो, तिथून फ्लेव्हसची वाढ सुरू होते. ती बुरशी कुणी निवडून लावलेली नाही. भाजून अफ्लाटॉक्सिन जात नाही, ते २०० अंशांच्या वरही तग धरतं. डबा टाकून द्या. पुढच्या वेळी चान्या पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा आणि पाऊस सुरू होण्याआधी एकदा परत ऊन दाखवा.

दुधना, जालना

रसायनाची बाजू मी घेते. आधी ताटलीवरच्या स्वस्त चाचण्या, कारण नको असलेला वाण यातच गळतो.

सायक्लोपियाझोनिक आम्ल या बुरशीच्या विषासाठी एर्लिखची चाचणी करा. पॅरा-डायमिथाइलअमिनोबेन्झाल्डिहाइड २ ग्रॅम, ९६ टक्के एथेनॉल ८५ मिली, १० नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल १५ मिली. गाळणकागदाचा छोटा तुकडा यात बुडवून, निथळून, झापेक-यीस्टवरच्या सात दिवसांच्या वसाहतीतून कापलेल्या आगरच्या गोळीवर ठेवायचा, बुरशीच्या बाजूने. दोन-तीन मिनिटांत कागदाच्या मध्यातून जांभळं वलय बाहेर सरकताना दिसलं की सायक्लोपियाझोनिक आम्ल किंवा त्याच कुळातले इंडोल आहेत. दहा मिनिटं झाली की कागद फेकून द्या. नंतर येणारा रंग वाचायचा नाही. पिवळा, गुलाबी म्हणजे दुसरी संयुगं. खोलीत येणारी पेनिसिलियम कम्यून इथे हमखास सापडते.

पातळ थर वर्णलेखनासाठी ४ मिमीची आगरची गोळी काढा. बीजाणूंच्या बाजूला क्लोरोफॉर्म-मिथेनॉल २:१ चा एक थेंब टाकून ती सिलिका पट्टीवर टेकवा, म्हणजे पेशीतलं विष येतं. माध्यमात झिरपलेल्यासाठी दुसरी गोळी आगरच्या बाजूने टेकवा. टोल्युइन, एथिल अ‍ॅसिटेट, फॉर्मिक आम्ल ५:४:१ मध्ये पट्टी चालवा. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली ऑक्रॅटॉक्सिन हिरवट-निळं दिसतं, अमोनियाची वाफ दिली की झळझळीत निळं होतं. अफ्लाटॉक्सिन बी१ निळं, जी१ हिरवट. शंका आली तर सल्फ्युरिक आम्ल फवारा, अफ्लाटॉक्सिनची निळी चमक पिवळी होते. शेजारच्या रेघेत शुद्ध प्रमाण नसेल तर ती पट्टी वाचूच नका.

गोदातीर, नांदेड

ताई, कोजीच्या वाणासाठी नारळ-आगर मी आधी करायला सांगतो. सुकं किसलेलं खोबरं १०० ग्रॅम, गरम पाणी ३०० मिली, मिक्सरला फिरवून चार पदरी मलमलमधून गाळायचं, पीएच ७, आगर २ टक्के, १२१ अंशांना २० मिनिटं. ठिपका देऊन २८ अंशांना अंधारात, तीन ते पाच दिवस. अतिनील दिव्याखाली वसाहतीभोवती निळं वलय म्हणजे अफ्लाटॉक्सिन. नंतर झाकणात २५ टक्के अमोनियाचे चार थेंब टाकून ताटली पालथी ठेवायची. काही मिनिटांत पाठ गुलाबी-जांभळी झाली तर वाण विषारी.

दुधना, जालना

दोन्ही चांगल्या आहेत, पण दोन्हींचा अर्थ एकाच दिशेने घ्या. गुलाबी आली तर वाण बाद. गुलाबी नाही आली तर काहीच सिद्ध होत नाही, थोडं विष करणारे वाण या चाचणीतून सुटतात. उलट निळी चमक दिसली म्हणून ओरायझी लगेच बादही करू नका. १९६० मध्ये इंग्लंडात टर्की पक्षी मेले आणि अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला, तेव्हा जपानमध्ये कोजीचे वाण तपासायला घेतले. त्यात काहींमध्ये निळी चमक मिळाली, पण ती अफ्लाटॉक्सिनची नव्हती, तशीच चमकणारी दुसरी संयुगं होती. म्हणून सल्फ्युरिक आम्लाचा फवारा आणि शेवटी एचपीएलसी (यंत्रावरचं द्रव वर्णलेखन, विष वेगळं करून मोजणारं).

गोदातीर, नांदेड

मान्य. ओरायझी ही मुळात माणसाने पाळलेली फ्लेव्हसच. आयटीएसने दोघी वेगळ्या होत नाहीत, कॅल्मोड्युलिनच्या जनुकानेही भरवसा नाही. तिथे अफ्लाटॉक्सिनच्या जनुकसमूहातली एएफएलआर, एनओआर-१, व्हीईआर-१ आणि ओएमटी-ए ही चार जनुकं पीसीआरने (जनुकाच्या प्रती वाढवून शोधणाऱ्या चाचणीने) बघा. काही ओरायझी वाणांत समूहाचा मोठा भाग गळून गेलेला असतो. असा वाण सगळ्यात उत्तम, कारण तो पुन्हा विष करायला लागण्याची भीती नाही. काहींत जनुकं असतात पण चालत नाहीत. असा वाण मी मांसाला घेणार नाही. सायक्लोपियाझोनिक आम्ल ओरायझीच्या काही वाणांत जिवंत असतं, ते वेगळं तपासा. नॉर्डिकमसाठी तिच्या पॉलिकेटाइड सिंथेजचं जनुक बघतात, ते खोलीच्या भिंतीवरचा नमुना तपासायलाही कामाला येतं.

पीसीआरमध्ये जनुकाची पट्टी उमटली नाही तर आधी डीएनए नीट निघाला का ते बघा. त्याच नळीतून बीटा-ट्यूब्युलिनची पट्टी यायलाच हवी. ती नसेल तर 'जनुक नाही' हे उत्तर नव्हे, चाचणीच झालेली नाही.

उदगीरकर

कोजीबद्दल मांसाच्या बाजूने एक ठाम हरकत. ओरायझीला ३० अंश लागतात, तुमच्या १४ अंशांत ती बसून राहील. म्हणून लोक कच्च्या मांसाला तांदळाचं पीठ आणि बीजाणू चोळून ३० अंशांना ४८ तास ठेवतात. आंबवलेल्या सॉसेजला अमेरिकेत अंश-तासांचा हिशेब लावतात: १५.६ अंशांच्या वरचे अंश गुणिले पीएच ५.३ ला येईपर्यंतचे तास, आणि तापमान ३२ अंशांच्या आत असेल तर हा गुणाकार ६६५ च्या आत. इथे (३० − १५.६) × ४८ = ६९१. त्यातही सॉसेजमध्ये विरजण पीएच खाली आणतं, कोजी लावलेल्या तुकड्यात आणणारं कुणीच नसतं. स्टॅफिलोकॉकस जिवाणूने विष करायला एवढा वेळ पुष्कळ झाला, आणि ते विष नंतर शिजवूनही जात नाही. कोजी हवीच असेल तर ती भातावर वाढवा आणि तयार कोजी ४ अंशांना मांसाला लावा. बुरशी बिनविषारी निघाली तरी हा मुद्दा सुटत नाही.

तुमची २२ अंशांची मांडणी ठीक आहे: ६.४ × ७२ = ४६१. पण पीएच ५.३ ला खरंच ७२ तासांत येतो का हे प्रत्येक तुकडीत मोजा.

आता पेनिसिलिन. नाल्जिओव्हेन्सचे बहुतेक वाण पेनिसिलिन करतात आणि हे पुडीवर लिहिलेलं नसतं. अ‍ॅलर्जी असलेल्याला ते बाधू शकतं, शिवाय जिवाणूंमध्ये प्रतिकार वाढवायला हातभार लागतो. याची चाचणी दूध संकलन केंद्रांवर वापरतात त्याच किटने होते. त्यात जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलसचे बीजाणू आणि जांभळा रंग असतो. ६४ अंशांना तीनेक तासांत पिवळं झालं तर प्रतिजैविक नाही, जांभळंच राहिलं तर काहीतरी आहे. फसगत अशी होते की हा जिवाणू मिठालाही मरतो. सलामीचा अर्क सरळ घातला तर मिठामुळेच जांभळं राहील. म्हणून साल दहापट पाण्यात घोटा, ८० अंशांना १० मिनिटं तापवा, गाळा, आणि दोन नळ्या लावा: एक साधी, एक पेनिसिलिनेज (पेनिसिलिन मोडणारं विकर) घातलेली. साधी जांभळी आणि पेनिसिलिनेजची पिवळी, तरच पेनिसिलिन. दोन्ही जांभळ्या तर मीठ किंवा नायट्राइट. आणखी पातळ करून परत लावा.

खामकाठ, छत्रपती संभाजीनगर

कोजी यातून काढली. उरली नाल्जिओव्हेन्स. तिच्या ताटलीवरच्या सगळ्या चाचण्या स्वच्छ आल्या तरी मांसावर तपासणी हवीच का? आणि बोकडाच्या मांसात चाऱ्यातून आलेलं विष आणि बुरशीचं विष वेगळं कसं करायचं?

गोदातीर, नांदेड

हवीच. वायईएसवर १५ टक्के साखर आहे, मांसावर साखर नाही, मीठ आहे. जनुकांचं वागणं पूर्ण बदलतं. मधला टप्पा म्हणून मांस-आगर करा: गोठवून सुकवलेलं मटण ३० ग्रॅम, आगर २० ग्रॅम, पाणी १ लिटर. त्यात १०० मिली पाण्याला ५ ग्रॅम मीठ घातलं की पाण्याची उपलब्धता सुमारे ०.९७, १० ग्रॅमला ०.९४, १६.५ ग्रॅमला ०.९०. या तिन्ही पातळ्या, १५ आणि २५ अंश, १४ दिवस. २५ अंश अशासाठी की वीज गेली तर खोली तिथेच जाणार आहे.

उदगीरकर

चाऱ्याच्या प्रश्नात बोकडाचा फायदाच आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू ऑक्रॅटॉक्सिनचे तुकडे करतात, त्यामुळे मांसात ते फारसं उतरत नाही. डुकरात तसं नाही, म्हणून युरोपात चारा की बुरशी हा वाद चालतो. तुमच्या सलामीत ऑक्रॅटॉक्सिन निघालं तर ते बुरशीचं किंवा मसाल्याचं. मिरी आणि लाल मिरची यांत ऑक्रॅटॉक्सिन आणि अफ्लाटॉक्सिन दोन्ही असू शकतात, त्यांचे बीजाणूही. म्हणून मसाला आधी तपासा, आणि बुरशी न लावलेली सलामी सोबत ठेवा.

दुधना, जालना

मांसावरची मांडणी अशी करा. तीन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या तीन तुकड्या. प्रत्येकीत बुरशी लावलेल्या पंधरा आणि न लावलेल्या पंधरा सलाम्या. न लावलेल्यांवर बुरशी येऊ नये म्हणून त्या निर्वात पिशवीत, त्याच तापमानाला. नमुने १५ व्या, ३० व्या आणि शेवटच्या दिवशी.

नमुना घेताना अख्खी सलामी वाटून पाठवू नका. ऑक्रॅटॉक्सिन बाहेरच्या सालीत आणि लगतच्या काही मिलिमीटरमध्ये असतं. हिशेब बघा: ३०० ग्रॅमच्या सलामीची साल १२ ग्रॅम, आणि सालीत किलोला २० मायक्रोग्रॅम विष. एकूण २४० नॅनोग्रॅम. अख्ख्या ३०० ग्रॅमवर पसरलं की अहवालात किलोला ०.८ मायक्रोग्रॅम. इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने १९९९ मध्ये डुकराच्या मांसपदार्थांना किलोला १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली, तिच्या आत बसलं! प्रत्यक्षात खोलीत नॉर्डिकम ठाण मांडून बसलेली आहे आणि पुढची तुकडी मर्यादेबाहेर जाणार आहे. साल वेगळी, त्याखालचा ५ मिमीचा थर वेगळा, गाभा वेगळा. पाच सलाम्यांची साल एकत्र केली की ६० ग्रॅम होते, दुहेरी तपासणीला पुरते.

आपल्याकडचा गहू, बार्ली, राय यांचा किलोला २० मायक्रोग्रॅमचा आकडा काही जण मांसाला लावतात. तो धान्याचा आहे. मांसाला लावू नका.

प्रयोगशाळेला विचारायचे प्रश्न लिहून न्या. ऑक्रॅटॉक्सिन प्रथिनांना धरून राहतं. मांसातून काढताना आधी फॉस्फोरिक आम्ल घालता का? इम्युनोअ‍ॅफिनिटी स्तंभ (प्रतिपिंडांनी नेमकं विष धरून वेगळं करणारी नळी) वापरता का? एचपीएलसीचा चमक मोजणारा शोधक ३३३ आणि ४६० नॅनोमीटरवर आहे का? अफ्लाटॉक्सिन बी१ साठी एचपीएलसीच्या स्तंभानंतर ब्रोमीन किंवा अतिनील दिव्याची प्रक्रिया आहे का? ती नसेल तर बी१ ची चमक इतकी मंद असते की 'आढळले नाही' हे उत्तर आपोआप येतं. आणि मटणात मुद्दाम किलोला ५ मायक्रोग्रॅम घातलं तर किती टक्के परत मिळतं? ७० ते ११० च्या बाहेर असेल तर दुसरी प्रयोगशाळा शोधा.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर यातच आहे. 'आढळले नाही' याच्यापुढे किती पातळीपर्यंत शोधलं हा आकडा नसेल तर तो अहवाल कोरा कागद आहे. ऑक्रॅटॉक्सिनसाठी मापनमर्यादा किलोला ०.२ मायक्रोग्रॅम किंवा कमी मागा. काही सापडलंच तर मिथाइल एस्टर करून परत चालवायला सांगा: जुनं शिखर जाऊन नवीन जागी आलं तरच ते ऑक्रॅटॉक्सिन.

बालाघाट, बीड

शीतगृहाच्या बाजूने लिहितो. वाण कितीही तपासा, विष शिरतं ते खोलीतून. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना १४ अंश राखणारा कॉम्प्रेसर आधीच दमलेला असतो. लोडशेडिंगमध्ये चार तास गेले की खोली २५ च्या वर, भिंतीवर घाम, आणि त्या ओलीवर पहिली येते ती पिवळट-हिरवी फ्लेव्हस. इन्व्हर्टरवर निदान आतला पंखा आणि नोंदयंत्र चालू ठेवा. तापमान १८ च्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर ती तुकडी वेगळी काढून तिची साल तपासायची, हा नियम दारावर लिहून लावा.

हवेचं मोजमाप सोपं आहे. डीजी-१८ (कमी पाण्यात वाढणाऱ्या बुरशीसाठीचं) माध्यमाच्या ताटल्या खोलीच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये, ३० मिनिटं उघड्या, मग २५ अंशांना ५ ते ७ दिवस. दर आठवड्याला. तुमच्या वाणासारखी न दिसणारी प्रत्येक वसाहत मोजा आणि उचलून ठेवा. जोराचा पंखा सालीचा वरचा थर कडक करतो, आतलं पाणी अडतं, मग साल सुटून मध्ये पोकळी होते आणि त्या पोकळीत रानटी बुरशी वाढते. वारा सेकंदाला ०.१ ते ०.२ मीटरवर ठेवा. धान्याची पोती, सरकी पेंड, कांदा यांतलं काहीही त्या इमारतीत नको.

गोदातीर, नांदेड

याला पूर्ण दुजोरा. लावलेली बुरशी दाट बसली तर रानटीला जागा मिळत नाही, म्हणून बीजाणूंचं प्रमाण सुरक्षेचा भाग आहे. क्लोरीन नसलेल्या पाण्यात (नळाचं पाणी उकळून गार केलेलं चालेल) पुडी २० ते २५ अंशांना ८ ते १२ तास भिजवा, न्यूबॉवर काचेवर (सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या आखलेल्या काचेवर) बीजाणू मोजा, मिलीला १० लाख बीजाणू ठेवून सलामी बुडवून काढा. चौथ्या दिवशी पांढरी लव सगळीकडे सारखी दिसायला हवी. टक्कल राहिलेली जागा म्हणजे दुसऱ्याला आवतण.

वाणाचा मूळ साठा १० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना. ताटलीवरून ताटलीवर पाचपेक्षा जास्त वेळा नेऊ नका, गुण बदलतात, आणि चाचणी झाली ती त्या जुन्या पिढीची. नवीन लॉट आला की ओळख आणि एर्लिख परत करायचं, वर्षातून एकदा सालीची एचपीएलसी.

उदगीरकर

दोन गोष्टी राहिल्या. बुरशी लॅक्टिक आम्ल खाते आणि प्रथिनं फोडून अमोनिया करते. सालीखालचा पीएच ५.० वरून ६ च्या पुढे जाऊ शकतो, तिथे लिस्टेरिया या रोगजंतूला मोकळीक मिळते. पीएच गाभ्यात आणि सालीखाली असा दोन ठिकाणी मोजा. पाण्याची उपलब्धता ०.९० च्या खाली गेल्याशिवाय सलामी खोलीबाहेर काढू नका, आणि तयार मालाच्या २५ ग्रॅममध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस नाही हे तपासून घ्या.

दुसरी, कामगारांची. सलामी झाडणाऱ्यांना बीजाणूंमुळे फुप्फुसाचा आजार होतो, युरोपात तो जुना आणि नोंदलेला आहे. कोरड्या ब्रशने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, एन-९५ मास्क लावून. जे सतत तिथे काम करतील त्यांची फुप्फुसाची चाचणी कामावर येतानाच करून ठेवा.

विक्रीच्या आधी परवान्याचंही बघा. अन्नात नवा सूक्ष्मजीव वापरायला एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१७ च्या नियमांखाली पूर्वपरवानगी लागू शकते, आणि तिथे वाणाचा क्रमांक, ओळख आणि विषचाचणीची कागदपत्रंच मागतात. हैदराबादजवळ चेंगीचेर्लाला राष्ट्रीय मांस संशोधन संस्था आहे, प्रक्रियेच्या आखणीसाठी तिथे विचारता येईल.

खामकाठ, छत्रपती संभाजीनगर

सगळं उतरवून घेतलं. तुलनेसाठी विषारी वाण मागवावे लागतील, ऑक्रॅटॉक्सिनला नॉर्डिकम आणि अफ्लाटॉक्सिनला फ्लेव्हस. ते उत्पादनाच्याच इमारतीतल्या प्रयोगशाळेत, वेगळ्या कपाटात ठेवले तर चालतील?

गोदातीर, नांदेड

नाही. एक उघडी ताटली पुरते. ते काम दुसऱ्या इमारतीत, जैवसुरक्षा कपाटात, आणि ते हाताळलेला माणूस त्या दिवशी सुकवणीच्या खोलीत जाणार नाही. विषारी वाण खऱ्या सलामीवर लावून स्पर्धा बघायची असेल (नाल्जिओव्हेन्स मिलीला १० लाख, नॉर्डिकम १ हजार, १५ अंश, ३० दिवस) तर तीही तिकडच्याच बंद पेटीत.

दुधना, जालना

आणि त्या ताटल्या नुसत्या ऑटोक्लेव्ह करून कचऱ्यात टाकू नका. १२१ अंशांना बुरशी मरते, अफ्लाटॉक्सिन तसंच राहतं. काचेची भांडी आणि ऑटोक्लेव्ह केलेलं आगर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये निदान दोन तास बुडवून ठेवा, मग त्यात ५ टक्के होईल एवढं अ‍ॅसिटोन घाला आणि अर्धा तास थांबा. अ‍ॅसिटोन वगळू नका, नुसत्या ब्लीचने अफ्लाटॉक्सिनचं दुसरं घातक संयुग मागे राहू शकतं. क्लोरोफॉर्मच्या पट्ट्या आणि उरलेलं द्रावण यात मिसळायचं नाही, ब्लीच आणि अ‍ॅसिटोनच्या जवळही आणायचं नाही. त्याची बाटली वेगळी, झाकण घट्ट, चिठ्ठी लावलेली. हे काम वाफ ओढणाऱ्या कपाटात, नायट्राइल हातमोजे घालून.